ताईंच्या पैशातला फ्रिज

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा आमच्या पाड्यापासून दोन तासांच्या वाटेवर होती. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आताही कळत नाही. चुकलं असेल तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं. खरं तर कोणी वाचावं म्हणून मी लिहीतच नाही. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, म्हणून घेतली. पण ही एक गोष्ट मी कोणाशी बोलले नाही, आणि ती माझ्या आत नीट बसलेलीही नाही.

आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात चाळीत राहायचो. ह्यांची अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हा एकोणनव्वद-नव्वदचं साल असेल. वर्षभर हे घरी होते. मग हिशोबाचे पैसे मिळाले आणि ह्यांनी ठरवलं, हॉटेल काढायचं. आमच्याच रस्त्यावर एका नव्या इमारतीत खाली गाळा मिळत होता. नुसत्या चहा-भजीवर भाडं निघणार नाही, असं ह्यांचं म्हणणं होतं. कारखान्यातली माणसं सुटली की स्टेशनजवळच्या बारमध्ये जातात, तीच इथे थांबली पाहिजेत. म्हणून बिअरचं लायसन काढायचं आणि जेवण मी करायचं.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला बोलायला फार वेळ लागतो. मी बोलायला तोंड उघडेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

लायसनच्या कागदांत आणि गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये सगळे पैसे गेले. फ्रिज घ्यायचा राहिला. बिअर गार नसेल तर कोणी हात लावणार नाही, हे म्हणाले. उल्हासनगरला जुना फ्रिज दोन हजारांत मिळत होता. ते दोन हजार मला समोरच्या ताईंनी दिले.

समोरच्या ताई म्हणजे आमच्या दाराच्या बरोबर समोरचं दार. मध्ये दहा पावलांचा पॅसेज. वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. चाळीतल्या वीस बायकांची भिशी त्या चालवायच्या, महिन्याला शंभर. त्या महिन्यात चिठ्ठी त्यांच्याच नावाची निघाली होती. ते पैसे त्यांनी मोठ्या मुलीसाठी ठरवून ठेवले होते. मुलगी अकरावीला होती आणि तिला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं. त्यांचे मिस्टर, ज्यांना मी भाऊजी म्हणायचे, चांगल्या नोकरीत होते, पण पगाराचं पाकीट घरी यायचं तेव्हा हलकं झालेलं असायचं. भाऊजी प्यायचे. सगळ्या चाळीला माहीत होतं. भिशीतला एक पैसा त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ताई तो तांदळाच्या डब्यात ठेवायच्या.

"घे," ताई म्हणाल्या. "मला दीड-पावणेदोन वर्षांनी लागतील. तोवर फेड. तू कधी कोणाकडे काही मागितलं नाहीस, म्हणून देते."

मग त्यांनी विचारलं, "काय काय ठेवणार फ्रिजमध्ये?"

मी म्हटलं, "मासे. दूध. कोल्ड्रिंक."

हे खोटं नव्हतं. मासे ठेवणार होतो, दूधही. मी फक्त एक गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर पैसे मिळाले नसते, हे मला ठाऊक होतं. माझ्या न बोलण्याला लोक साधेपणा समजतात. त्या दिवशी मी त्याचा फायदा घेतला.

फ्रिज आणायला मीही ह्यांच्याबरोबर उल्हासनगरला गेले होते. दुकानाचे सिंधी शेठ फार गमतीदार. त्यांनी आधी पापड आणि पाणी पुढे केलं, मग फ्रिजचं दार उघडून मला आत बघायला लावलं. "भाभीजी, इसमें भाजी मत रखना, भाजी रोएगी," ते म्हणाले. "ये बोतलवाला है. दो पेटी बिअर आराम से सोएगी." हे हसले. मी पदर तोंडाशी धरला. येताना टेम्पोत मी त्या फ्रिजला पाठ टेकून बसले होते आणि पाठीला त्याचा पत्रा सारखा लागत होता.

लायसन दिवाळीनंतर आलं. हॉटेल सुरू करायचं तर सत्यनारायण झालाच पाहिजे. सकाळी पूजा आणि संध्याकाळी धंदा सुरू, असं ह्यांनी ठरवलं. बाहेरचा बोर्ड संध्याकाळपर्यंत कागदाने झाकून ठेवला होता. पूजेला सगळी चाळ बोलावली. मी म्हटलं, "बायकांना नको बोलवूया." हे म्हणाले, "पूजेला शेजारच्या बायका नकोत? लोक काय म्हणतील?" मग मी म्हटलं, "निदान बाटल्या दुपारी आणा." तर लाईटचा भरवसा नाही, बाटल्यांना गार व्हायला सहा-सात तास लागतात, म्हणून ह्यांनी पहाटेच दोन पेट्या फ्रिजमध्ये लावल्या आणि वरून निळी चादर टाकली. चादरीवर प्लास्टिकच्या फुलांची परडी ठेवली.

"कोण बघतंय," हे म्हणाले.

पूजेला आम्ही दोघं बसलो. भटजी कथा सांगत होते आणि माझे कान मागे होते. फ्रिज माझ्या पाठीमागे चार हातांवर गुरगुरत होता. मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. थांबला की मला वाटायचं, आता सगळ्यांचं लक्ष तिकडे जाईल. आरती झाली. बायका प्रसाद घेत होत्या. मी प्रत्येकीला हळदकुंकू लावत होते. पंधरावीस बायका होत्या. अजून अर्धा तास, मग सगळ्या जातील, असं मी मनात मोजत होते.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "फ्रिजला हळदकुंकू लावलंस का गं?"

मला हे सुचलंच नव्हतं. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लावतातच. शिलाईचं मशीन असो, पंखा असो, सायकल असो. बाटल्या झाकायचं आम्हाला सुचलं, पण जी वस्तू झाकली तिचीच पूजा करायला कोणीतरी उठेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

"लावते नंतर," मी म्हटलं.

"नंतर कधी? भटजी आहेत तोवर लाव. दे इकडे, मीच लावते. माझाही वाटा आहे त्यात."

बायका हसल्या. एक जण म्हणाली, "लावा लावा, ताई, व्याज मिळेल."

ताईंनी परडी खाली ठेवली, चादर दूर केली आणि फ्रिजच्या दारावर पाच बोटं उठवली. अगदी मनापासून, सावकाश. मग प्रसादाच्या शिऱ्याची वाटी हातात घेतली. "पहिली वस्तू प्रसादाचीच आत जाऊ दे," असं म्हणून त्यांनी दार उघडलं.

फ्रिजचं दार भिंतीच्या बाजूने उघडायचं. त्यामुळे आत काय आहे ते फक्त ताईंना आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मला दिसलं. बाटल्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. आतला दिवा चालू होता. ताईंनी उचललेली वाटी तशीच हातात राहिली. मी त्यांची मान बघत होते. त्या वळल्या नाहीत.

मग त्यांनी वरच्या जाळीवरची एक बाटली बोटाने थोडी सरकवली, तिथे वाटी ठेवली आणि दार लावलं.

"चला गं," त्या बायकांना म्हणाल्या, "ऊन वाढलं."

त्यांनी बायकांना काही सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. संध्याकाळी बोर्डावरचा कागद निघाला तेव्हा सगळ्यांनाच कळलं.

भांडी घासायला ठरवलेली बाई ताईंच्या ओळखीची होती. ती दुपारी आली नाही. निरोपही आला नाही. पूजेनंतर चाळीतले पुरुष जेवून गेले होते, त्यांची सगळी ताटं खरकटी पडली होती. मी घासायला बसले, पण रस्सा, भाकऱ्या, मसाला सगळं माझ्याच अंगावर होतं. संध्याकाळी पहिले गिऱ्हाईक आले ते चार कामगार होते. ह्यांनी बाटल्या उघडल्या आणि स्वयंपाकाच्या खोलीच्या खिडकीतून आत हाक मारली, "चार प्लेट लाव."

माझ्याकडे दोन प्लेट स्वच्छ होत्या. मी पितळी परात घेतली. आमच्या पाड्यावर लावणीच्या दिवसांत बांधावर सगळे एकाच परातीत जेवतात. मी तसंच मांडलं. मध्ये कांदा आणि सुकटीची चटणी, एका बाजूला भाजलेले बोंबील, एका बाजूला कलेजी, उकडलेली अंडी चिरून, वाटाण्याची उसळ, आणि कडेने भाकरीचे चतकोर. खिडकीतून परात बाहेर सरकवली.

हे लालबुंद झाले. "चार जणांना एका परातीत? उष्टं-खरकटं काही आहे की नाही?" ते हळू आवाजात म्हणाले.

"ताटं नाहीत," मी म्हटलं.

ह्यांनी परात नेऊन ठेवली आणि बाजूला उभे राहिले. चौघांपैकी एक जण म्हणाला, "शेठ, ही कोणाची बारशाची परात आणली?" दुसरा म्हणाला, "बोलू नकोस, बोंबील संपतील." आणि चौघांचे हात एकदम आत गेले. मी खिडकीच्या फटीतून बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यातले दोघं आणखी तिघांना घेऊन आले आणि बसता बसता म्हणाले, "परात लावा." पुढे आमच्या हॉटेलला सगळे परातवाल्यांचं हॉटेलच म्हणायला लागले. स्टेशनजवळ बिअर आमच्यापेक्षा स्वस्त होती. लोक आमच्याकडे परातीसाठी यायचे.

पण हे नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायला गेले तर नळावरच्या बायका गप्प झाल्या. माझा हंडा भरून मी निघाले तेव्हा पाठीमागे एक जण म्हणाली, "सत्यनारायणालासुद्धा सोडलं नाही." मी चालत राहिले.

ताई त्यांच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता चाळीसमोर बोलतील. त्या म्हणाल्या, "हंडा ठेव आणि ये."

मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. त्यांनी आत ये म्हटलं नाही.

"मला विचारायचं नाही तू का केलंस," त्या म्हणाल्या. "मला कळतं. पैसे आज दे म्हटलं तर तू आज देऊ शकणार नाहीस. म्हणून तीन गोष्टी सांगते. दर महिन्याला शंभर. तू स्वतः आणून द्यायचे, नवऱ्याला पाठवायचं नाही. ते पैसे तुझ्या हातच्या जेवणाचे पाहिजेत, बाटलीचे नाहीत. आणि आमच्या ह्यांना तुझ्याकडे बाटली मिळता कामा नये. मिळाली तर मी नळावर उभी राहून सगळं सांगेन, माझ्या मुलीच्या फीचे पैसे कुठे गेले ते. मग तुझं हॉटेल चालतं का बघू."

मी मान हलवली.

"तोंडाने सांग," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "गिऱ्हाईकाला नाही म्हणून हॉटेल चालतं का?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "बरं, एकच माणूस आहे."

परातीचे पैसे मी वेगळे ठेवू लागले. ह्यांना सांगितलं होतं, परातीचे माझ्या डब्यात टाका. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्यातून शंभर काढायचे, पदराच्या टोकाला बांधायचे आणि ती दहा पावलं चालायचे. बाकी महिनाभर मी त्या दाराकडे बघायचे नाही. ताई उंबऱ्याच्या आत उभ्या राहून नोटा दोनदा मोजायच्या. मग विचारायच्या, "यात आमच्या ह्यांचे किती?"

"काहीच नाही," मी म्हणायचे.

"बरं," असं म्हणून त्या आत जायच्या. दर महिन्याला एवढंच बोलणं. ते एक वाक्य बोलायचं या धास्तीने आदल्या दिवसापासून माझ्या भाकऱ्या जाड थापल्या जायच्या.

भाऊजी पहिल्याच आठवड्यात आले होते. दोन मित्रांबरोबर. ह्यांनी मित्रांना बाटल्या दिल्या आणि भाऊजींसमोर लिंबू सोडा ठेवला. भाऊजी सोड्याकडे बघत बसले. मग खिडकीशी आले. मी मागे सरकले.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमचं लायसन सगळ्या बदलापूरसाठी आहे, मला सोडून, असं आहे का?"

मी रस्सा ढवळत राहिले.

"बायकोने सांगितलं असणार. तिचं काय ऐकता? एक बाटली. तिला कोण सांगतंय?"

मी परातीतून त्यांच्यासाठी वेगळी ताटली काढली, तिच्यावर दोन बोंबील जास्त ठेवले आणि खिडकीतून पुढे केली. त्यांचा एक मित्र मागून ओरडला, "ये रे, तुझं पोलीस स्टेशन बदललं, एवढंच." सगळे हसले. भाऊजीही हसले आणि ताटली घेऊन गेले. जेवले. पुढेही यायचे. सोडा घ्यायचे, मित्रांना चिडवू द्यायचे आणि जेवायचे. बाहेर दुसरीकडे पीत असतील. ते माझ्या हातात नव्हतं. पण दर वेळी ते आले की माझा जीव खिडकीशी अडकायचा. हे गल्ल्यावर असले की मी भाजी ढवळताना ह्यांच्या हातांवर नजर ठेवायचे.

असे आठ महिने गेले.

पावसाळ्यात माझ्या वडिलांना बरं नव्हतं म्हणून मी माहेरी, बारवी धरणाकडे गेले. भावाची लावणीही चालू होती. चार दिवस म्हणून गेले, आठ दिवस राहिले. परत आले तर पहिली तारीख उलटून गेली होती. मी डबा उघडला. त्यात थोडीच चिल्लर होती. मी नसताना परात लावायला कोणी नव्हतं. हे म्हणाले, "शंभर मी गल्ल्यातून काढून ठेवलेत, बघ, कपाटावर."

मी नोटा घेतल्या. दाराशी गेले आणि थांबले.

"भाऊजी आले होते का?" मी विचारलं.

हे पेपर वाचत होते. पान उलटत म्हणाले, "आले होते."

"दिली?"

"दोन वेळा. एक-एक बाटली. चव्वेचाळीस रुपये रोख दिले, उधार नाही." मग त्यांनी पेपर खाली ठेवला. "तू नव्हतीस. खायला काही नाही, प्यायला नाही म्हणायचं, तर माणसाने बसायचं कशाला? आणि एका बाईला घाबरून किती दिवस धंदा करायचा?"

"मी घाबरत नाही," मी म्हटलं. हे खोटं होतं. ह्यांना ते कळलं, आणि ह्यांनी पुन्हा पेपर उचलला.

त्या नोटा हातात घेऊन मी बराच वेळ पॅसेजमध्ये उभी राहिले. समोरचं दार उघडं होतं. आतून ताईंच्या मुलीचा आवाज येत होता, ती मोठ्याने काहीतरी पाठ करत होती. मी खोटं बोलले असते तर कोणाला कळलं नसतं. भाऊजी सांगणार नव्हते, हे सांगणार नव्हते. खरं सांगितलं तर ताई नळावर जाणार. नळावरच्या बायका लायसनची तक्रार घेऊन वॉर्डातल्या पुढाऱ्यांकडे जाणार. हॉटेल बंद झालं तर उरलेले पैसे कुठून देणार, आणि त्या मुलीची फी?

मी गेले. ताईंनी नोटा दोनदा मोजल्या.

"यात ह्यांचे किती?"

मी म्हटलं, "चव्वेचाळीस."

आतलं पाठांतर थांबलं. ताईंनी मान वळवून मुलीकडे बघितलं, ती पुन्हा वाचायला लागली. मग ताई हळू आवाजात म्हणाल्या, "तू होतीस का तिथे?"

"नाही. माहेरी होते. पण त्याने काय होतं?"

"काही होत नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी आत जाऊन तांदळाच्या डब्यातून सुटे पैसे आणले आणि चव्वेचाळीस रुपये मोजून माझ्या हातात ठेवले. "हे परत ने. छप्पन धरते. आमच्या ह्यांनी पिण्यात घातलेल्या पैशातून माझ्या मुलीची फी नको."

"नळावर सांगणार का?" मी विचारलं. मला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. आठ महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच काही विचारत होते.

"तू सांगितलंस ना," ताई म्हणाल्या. "मी आणखी काय सांगू?" आणि त्यांनी दार लावलं.

ते चव्वेचाळीस रुपये मी ह्यांच्या पुढ्यात ठेवले. काय झालं ते सांगितलं. त्यानंतर भाऊजींना आमच्याकडे एकदाही बाटली मिळाली नाही. मी माहेरी गेले तरी नाही.

पण ताईंचा तो प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. ते छप्पनही गल्ल्यातलेच होते. भाऊजींचे नसतील, पण गल्ल्यात कोणाच्या तरी घरच्या ह्यांचे असतातच. त्या बायका माझ्या समोरच्या दारात राहत नाहीत, एवढंच. हॉटेल पुढे चौदा वर्षं चाललं. आमची मुलं त्यावर शिकली. मी ते बंद करा असं कधी म्हटलं नाही.

चव्वेचाळीस रुपये भरून काढायला मी नवीन इमारतीतल्या दोन शिक्षिकांचे डबे करायला घेतले. ते पैसे वेगळ्या पुडीत ठेवले. मध्ये एकदा महिनाभर धंदा बसला, तेव्हाही शंभर चुकले नाहीत.

ताईंची मुलगी बारावी झाली. विसाव्या महिन्यात, जुलैमध्ये, तिला फी भरायची होती. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी शंभर आणि चव्वेचाळीस घेऊन ती दहा पावलं गेले. पाऊस होता, पॅसेजमध्ये ओले कपडे वाळत घातलेले होते, त्यांच्याखालून वाकून जावं लागलं. मुलीने दार उघडलं आणि आत हाक मारली. ताई हात पुसत आल्या.

त्यांनी नोटा दोनदा मोजल्या. चव्वेचाळीसची पुडी सोडून तीही मोजली. मी उत्तर तयार ठेवून उभी होते. त्यांनी या वेळी विचारलं नाही. मग मीच म्हटलं, "सगळे डब्याचे आणि परातीचे आहेत."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. त्यांनी पैसे मुलीच्या हातात दिले आणि मला म्हणाल्या, "दोन हजार पूर्ण झाले."